पागोळ्या गळायच्या आधी: कोकणातल्या मोठ्या माणसांच्या लसी

बाळाचे लसीचे कार्ड प्रत्येक घरात सापडते. कपाटात, देव्हाऱ्यामागे, नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत. त्याच घरातल्या पन्नाशीच्या माणसाला शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले विचारले, तर उत्तर येते, "मागे पायात खिळा गेला होता तेव्हा." तो 'मागे' दोन वर्षांचा की बावीस, ते कुणाला ठाऊक नसते. मोठ्यांच्या लसीकरणात निम्मा घोळ या तारखेचा आहे आणि उरलेला बराचसा वेळेचा. कोकणात वर्षाचे वेळापत्रक मृग, लावणी, मासेमारी बंदी आणि गणपती ठरवतात. लसींच्या तारखाही त्यातच बसवाव्या लागतात, नाहीतर त्या राहतात.

आधी कागद

वहीचे एक पान घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव, जन्मसाल, आजार, चालू गोळ्या आणि कशाची ॲलर्जी, एवढे वर लिहा. खाली लसीचे नाव, तारीख, डोस कितवा, कुपीवरचा बॅच क्रमांक आणि कुठे घेतली ते. बॅच क्रमांक लिहिण्याचा कंटाळा करू नका, पुढे काही त्रास झाला तर तोच लागतो. पानाचा फोटो मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवरही असू द्या.

जन्मसालावरून बराच अंदाज बांधता येतो. देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली. त्याआधी जन्मलेल्या पुरुषांना धनुर्वाताचे पूर्ण तीन डोस लहानपणी मिळाले असण्याची शक्यता कमी. त्याच वयाच्या बायकांना निदान बाळंतपणात टीटी (धनुर्वाताचे इंजेक्शन) मिळालेले असते. 'ब' काविळीची (हिपॅटायटिस बी) लस सरकारी कार्यक्रमात देशभर पोचली ती २०११ च्या सुमारास, म्हणजे आज विशीत असलेल्यांनीही ती मिळाली असेल असे गृहीत धरू नये. महाराष्ट्रातली गोवर-रुबेला मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती. तेव्हा कॉलेजात असलेल्या मुली तिच्यातून सुटल्या.

कागद अजिबात नसेल तर सरळ नियम असा, की नोंद नाही म्हणजे डोस नाही असे धरायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. एखादी लस चुकून जास्त झाली तर बहुधा दंड दुखण्यापलीकडे काही होत नाही.

धनुर्वात: खिळ्याचा दोष नाही, मातीचा आहे

धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात. माती, शेण आणि धूळ यांत त्यांचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकून राहतात. खोल, बारीक, हवा न लागणारी जखम त्यांना मानवते. म्हणून लावणीच्या चिखलात पायात गेलेला बांबूचा कूस, चिऱ्याच्या खाणीत लागलेली कपार, ओहोटीला कालवं फोडताना बोटात गेलेली शिंप, शिंगाळा माशाचा काटा हे सगळे चकचकीत खिळ्यापेक्षा जास्त धोक्याचे.

सरकारी केंद्रांत आता टीटीच्या जागी टीडी मिळते. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. ज्याने कधीच घेतली नाही त्याला तीन डोस: आज, मग एक महिन्याने, मग त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. प्रत्येक डोस अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत. त्यानंतर दर दहा वर्षांनी एक. आयुष्यात एकदा टीडीऐवजी डांग्या खोकल्याची जोड असलेली टीडॅप घ्यावी, ती खासगीत मिळते. गरोदरपणात टीडॅपची वेळ २७ ते ३६ आठवड्यांची, कारण आईच्या अंगात तयार झालेली प्रतिकारद्रव्ये बाळाला जन्माआधीच पोचतात.

जखम झाल्यावरचा हिशेब वेगळा. जखम स्वच्छ व लहान असेल आणि तीन डोस पूर्ण होऊन शेवटच्याला दहा वर्षे झाली नसतील, तर इंजेक्शन नको. मातीची, शेणाची, खोल जखम असेल तर ही मर्यादा पाच वर्षांवर येते. ज्याचे तीन डोस झालेलेच नाहीत किंवा आठवत नाहीत, त्याला मळक्या जखमेवर लसीबरोबर धनुर्वाताचे इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिकारद्रव्यांचे इंजेक्शन) लागते, साधारण २५० युनिट, आणि ते दुसऱ्या दंडात किंवा मांडीत. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. दर सहा महिन्यांनी 'टीटी मारून' घेणारे खूप असतात, दंड सुजवून घेतात, पण ज्याला इम्युनोग्लोब्युलिन लागते त्याला ते सुचवायला कुणी नसते. लस अंगात काम करायला वेळ घेते, तेवढ्या काळाची तयार ढाल म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन.

पाकट माशाचा काटा लागला तर दुखणे कमी करायला सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवतात, पण काट्याचा तुकडा आत राहिला का ते डॉक्टरांनीच बघायचे. आणि फुरसे चावले असेल तर स्नायूत टीडी घेण्याची घाई नको. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, त्या अवस्थेत सुई टोचली की दंडात रक्त साकळते. आधी प्रतिविष, रक्त गोठू लागल्याची खात्री, मग टीडी.

कुत्रे चावले: पहिली पंधरा मिनिटे नळाखाली

रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेत उपचार घेतला तर जवळजवळ कधीच होत नाही. एवढी टोके असलेला दुसरा आजार नाही. म्हणून इथे थोडे सावकाश जाऊ.

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून. दोन तांबे ओतणे म्हणजे धुणे नव्हे. विहिरीवर असाल तर एकाने पोहऱ्याने पाणी ओतत राहावे, दुसऱ्याने साबण लावावा. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, मिरची, कॉफीपूड, तंबाखू काही भरायचे नाही; विषाणू त्याने मरत नाही, उलट आत ढकलला जातो. घट्ट पट्टी नाही, शक्यतो टाके नाहीत.

मग जखमेची प्रतवारी. नुसते चाटले आणि कातडी अखंड असेल तर लस लागत नाही. रक्त न आलेला ओरखडा किंवा कपडा नसलेल्या कातडीला दात नुसते लागले असतील तर लस. रक्त आले, कातडी फुटलेल्या जागी किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली, किंवा प्राणी रानटी असेल, तर लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. कोकणात 'रानटी'मध्ये कोल्हा आणि मुंगूस नक्की धरा. माकडाने चावा घेतला तरी लस लागते. घरच्या मांजराचा ओरखडाही हसण्यावारी न्यायचा नाही.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात: दोन्ही दंडांत ०.१ मिली, पहिल्या दिवशी (तो दिवस शून्य), मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. बरोबर टोचली तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक फुगवटा येतो. तो आला नाही, म्हणजे सुई खोल गेली, तर डोस लगेच पुन्हा देतात. खासगीत स्नायूत देतात तेव्हा दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. दोन पद्धतींची सरमिसळ करू नये. पहिले दोन डोस रत्नागिरीत आणि पुढचे मुंबईत घेणार असाल तर कागदावर 'कातडीत' की 'स्नायूत' हे लिहून घ्या. लस कुल्ल्यावर कधीच घ्यायची नाही, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही.

इम्युनोग्लोब्युलिन वजनावर. घोड्याच्या रक्तापासूनचे असेल तर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तातले असेल तर २०. ६० किलोच्या माणसाला पहिल्या प्रकारचे २४०० युनिट लागतात. एका मिलीत ३०० युनिट असलेली कुपी असेल तर ते ८ मिली. पाच मिलीच्या दोन कुप्या उघडाव्या लागतील. हे औषध दंडात नाही, जखमेत आणि जखमेभोवती भरायचे असते. दुखते, पण बोटाच्या टोकावरची जखम असली तरी टाळता येत नाही. पहिल्या दिवशी मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत चालते, त्यानंतर त्याचा उपयोग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, इम्युनोग्लोब्युलिन मात्र ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातच मिळण्याची शक्यता जास्त. लसीचा पहिला डोस केंद्रात घ्या, फोन करून साठा विचारा आणि त्याच दिवशी पुढे निघा.

कुत्रा दहा दिवस जिवंत राहतो का बघू आणि मग लस घेऊ, हा हिशेब चुकीचा आहे. कुत्र्यावर नजर ठेवायची ती लस सुरू करून. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर पुढचे डोस कसे बदलायचे ते डॉक्टर ठरवतात. दहा दिवसांचा हा नियम फक्त कुत्र्या-मांजराला लागू आहे, मुंगसाला नाही. गरोदर आहे, अंगावर पाजते, ताप आहे, यांतले काहीही लस थांबवायला पुरेसे नाही.

पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा चावले तर दिवस ० आणि ३ एवढे दोनच डोस, इम्युनोग्लोब्युलिन नाही. त्यासाठीच जुना कागद जपायचा. गुरांचे डॉक्टर, वनरक्षक, कुत्री पकडणारे यांनी चावायच्या आधीच तीन डोस घ्यावेत: दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८.

पावसाळ्याआधीची लस

इन्फ्लुएन्झाची (फ्लूची) लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि लसीचा जोरही काही महिन्यांत उतरतो. आपल्याकडे तापाची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि गणपतीला चाकरमानी घरोघर आले की ती वाडीवाडीत फिरते. लस घेतल्यावर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा आंबा संपता संपता, मे अखेरपर्यंत ती दंडात गेलेली बरी. खोक्यावर 'सदर्न हेमिस्फिअर' आणि चालू वर्ष छापलेले आहे का ते वाचा. गेल्या हिवाळ्यातली उरलेली लस मे महिन्यात गळ्यात मारून घेऊ नका.

पासष्टीपुढचे, दमेकरी, मधुमेही, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि कोणत्याही महिन्यातल्या गरोदर बायका यांनी आधी घ्यावी. अंड्याची ॲलर्जी हे आता ही लस नाकारायचे कारण राहिलेले नाही. 'लस घेतली आणि फ्लूच झाला' अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते. इंजेक्शनची लस मृत विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. एक दिवस कसकस होते किंवा सर्दीचा दुसराच विषाणू आधीच अंगात असतो.

त्याच माणसांनी न्यूमोकोकसची लसही घ्यावी. पावसाळी तापानंतर म्हाताऱ्यांच्या छातीत कफ भरतो, त्यामागे बऱ्याचदा हा जंतू असतो. १३ प्रकारांची (पीसीव्ही १३) आधी आणि एका वर्षाने २३ प्रकारांची (पीपीएसव्ही २३) हा जुना क्रम. २० प्रकारांची लस मिळाली तर एकाच डोसात काम होते. उलट क्रमाने, म्हणजे २३ वाली आधी घेतली गेली असेल तर दुसरीसाठी वर्षभर थांबायचे.

बंदीच्या महिन्यांत: 'ब' कावीळ

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली, माणूस घरी. 'ब' काविळीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांचे. पहिला जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतला तर दुसरा जुलैत येतो, दोन्ही बंदीतच. तिसरा डिसेंबरात, आणि राहतो तो हाच. तारीख जाळ्याच्या खोलीतल्या कॅलेंडरवर लाल पेनाने करा. राहिलाच तर पहिल्यापासून सुरू करायचे नाही, उशिरा का होईना तिसराच घ्यायचा. हा नियम बहुतेक सगळ्या लसींना लागू आहे. उशीर चालतो, ठरल्यापेक्षा फार लवकर घेतलेला डोस मात्र धरला जात नाही.

डायलिसिसवरचे, मधुमेही, रुग्णालयात काम करणारे, वस्तरा चालवणारे नाभिक, घरात कुणाला 'ब' कावीळ असलेले यांनी ही टाळू नये. डायलिसिसवरच्यांना दुप्पट मात्रेचे चार डोस लागतात. रुग्णालयातल्या माणसांनी तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिकारद्रव्यांची चाचणी करावी. आकडा १० किंवा त्यावर हवा.

खानावळ, होमस्टे चालवणाऱ्यांनी विषमज्वराची (टायफॉइडची) संयुग्म म्हणजे कॉन्ज्युगेट लस घ्यावी, अर्धा मिलीचा एकच डोस. एक गोष्ट नीट समजून घ्या, पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यातून येणारी कावीळ 'अ' किंवा 'ई' असते, 'ब' नव्हे. 'अ'ची लस आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांना लहानपणीच ती होऊन गेलेली असते, तेव्हा आधी रक्त तपासून घेतलेले बरे. 'ई'ची लस भारतात बाजारात नाही, आणि गरोदर बाईला हीच सगळ्यात घातक. तिला पाणी उकळूनच द्या.

नागीण, तरुण मुली आणि बोटीवरचे

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो ही समजूत अजून ठाम आहे. ते पुरळ लहानपणीच्या कांजिण्यांच्या विषाणूचे असते. तो मज्जातंतूंत झोपून राहतो आणि उतारवयात जागा होतो. एका मज्जातंतूच्या पट्ट्यातच उठत असल्याने पुरळ सहसा अंगाची मध्यरेषा ओलांडत नाही. जुळण्याची भीती सोडा, पण नंतर महिनोन् महिने राहणारी आग खरी असते. पन्नाशीपुढे दोन डोसांची शिंग्रिक्स ही नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोसांत २ ते ६ महिने. खर्च वीस हजारांच्या आसपास जातो. डोसानंतर एक-दोन दिवस ताप आणि दंडाला ठणका येतो, म्हणून लावणीच्या किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ पासून पुढे तीन डोस, ०, २ आणि ६ महिने. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक २६ वर्षांपर्यंत देतात. लग्न ठरलेल्या मुलीने गोवर-गालगुंड-रुबेलाची लसही बघावी. ती जिवंत, म्हणजे कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे, घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, गरोदरपणात तर घ्यायचीच नाही. दोन जिवंत लसी एकाच दिवशी तरी घ्याव्यात, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. मृत लसींना असे अंतर लागत नाही, एका दंडात फ्लूची आणि दुसऱ्यात टीडी चालते.

परदेशी जाणाऱ्या बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांना पीतज्वराची लस लागते. एकच डोस, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. ती ठरावीक केंद्रांतच मिळते, मुंबईत किंवा मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात. अंड्याची तीव्र ॲलर्जी इथे मात्र आड येते. हजला जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची चार प्रकारांची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी.

लस आणताना गोठवू नका

तालुक्याच्या औषधदुकानात या महागड्या लसी तयार नसतात, दोन-तीन दिवस आधी सांगाव्या लागतात. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. लोक उन्हाला घाबरतात, पण टीडी, 'ब' कावीळ, एचपीव्ही, न्यूमोकोकस या लसी गोठल्या तर कायमच्या वाया जातात, आणि बाहेरून ते लगेच कळतही नाही. मासळीच्या थर्माकोल पेटीत बर्फाच्या चुऱ्यात कुपी खुपसून आणणे म्हणजे पैसे पाण्यात. बर्फाचा पॅक फ्रीझरमधून काढून हलवल्यावर आत पाणी डुचमळण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवा, वर्तमानपत्राच्या दोन घड्या गुंडाळा, मग शेजारी लसीचे खोके. घरी आणावीच लागली तर मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको आणि फ्रीझरच्या पट्टीला चिकटून नको. पावसात रात्रभर वीज गेली असेल तर ती लस टोचण्याआधी दुकानदाराला विचारा.

सरकारी कुपीवर वर्तुळ आणि त्यात उष्णतेने गडद होत जाणारा चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची, तेवढाच किंवा जास्त गडद झाला तर टाकायची. सिस्टरना दाखवायला सांगा, त्या हसून दाखवतात.

टोचायच्या दिवशी

काहीतरी खाऊन जा. सैल बाहीचा सदरा घाला. सुई खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटे सोडून लागली पाहिजे. फार वर लागली तर सांध्यात जाऊन महिनाभर हात वर होत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, बारीक सुई वापरतात आणि नंतर न चोळता दोन मिनिटे दाबून धरतात. साधी सर्दी असेल तर लस पुढे ढकलू नका, अंगात चांगला ताप असेल तर ढकला. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेवर असाल, कर्करोगाचे उपचार चालू असतील तर जिवंत लस नको.

टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. चक्कर येणारे बरेचसे पहिल्या पंधरा मिनिटांत पडतात. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, श्वास घरघरणे असे काही झाले तर ताबडतोब सिस्टरना हाक मारा. यावर मांडीत टोचायचे ॲड्रेनलिन त्यांच्याकडे असते, ते मिनिटांत द्यावे लागते. अर्धा तास टाळून स्कूटरवर घाट चढायला निघू नका.

शेवटी, ज्यांवर लस नाही असे दोन आजार. लेप्टोसाठी (पावसाळ्यात चिखल-पाण्यातून होणारा ताप) माणसांना टोचायची लस आपल्याकडे वापरात नाही, लावणीच्या हंगामात आठवड्याला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या डॉक्टर ठरवून देतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या, गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाची जुनी लस परिणाम नीट नसल्याने २०२२ मध्ये बंद झाली. काजूच्या बागेत डिसेंबर ते मे या दिवसांत जाताना पूर्ण बाह्या, गोचीड पळवणारे तेल आणि घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ, एवढेच तूर्त हातात आहे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.